मधलं माप, टोकाचं माप

सुताराने जाळं विणायची लाकडी पट्टी खिडकीपाशी नेली, उजेडात धरली, एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर फिरवली आणि अगदी सहज विचारलं, "आत्या, माप कुठलं धरू? मधलं की टोकाचं?"

"म्हणजे?"

"टोकाला तीस मिलिमीटर भरतेय आणि मधे सत्तावीस. नवीन पट्टी कितीची करू?"

आत्या काम सांगायला आली होती तेव्हा भलतीच खुशीत होती. थोरल्या भावाच्या मुलीला जाळं विणायला शिकायची हुक्की आली होती, तिच्यासाठी घरच्या पट्टीची हुबेहूब नक्कल करून घ्यायची, एवढंच काम. पट्टी तिने मऊ फडक्यात गुंडाळून आणली होती, आणि ती खाली पडली तर सुताराची काही खैर नाही असं त्याला दोनदा बजावूनही झालं होतं. होड्यांच्या फळ्या बसवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाने ते हसून ऐकून घेतलं होतं.

"तुझी मोजपट्टी बिघडलीय," आत्या म्हणाली. "ही माझ्या आजोबांनी केलेली आहे. तिच्यात कमी-जास्त निघणार नाही."

"आजोबांनी सरळच केली असणार. पण तुम्ही काही साठ वर्षं तिला काचेच्या कपाटात ठेवली नव्हती. सुती दोरा होता तोवर ठीक होतं. नायलॉनचा दोरा म्हणजे लाकडाला कानसच. हे बघा."

त्याने लोखंडी मोजपट्टी टेबलावर उभी धरली आणि लाकडी पट्टीची कड तिला टेकवली. दोन्ही टोकं घट्ट बसली. मधे मात्र फटीतून उजेड आला. फार नाही, पण आला. त्याने पट्टी उलटी करून दुसरी कड टेकवली. तिथेही तेच.

जाळं विणणाऱ्या बाईला पुढचा हिशेब कुणी समजावून सांगावा लागत नाही. पट्टीभोवती दोरा घेऊन गाठ मारली की जाळ्याचा एक डोळा तयार होतो आणि पट्टी जेवढी रुंद त्याच्या दुप्पट तो डोळा ताणतो. पट्टी तीन मिलिमीटर झिजली म्हणजे डोळा सहाने आवळला. साठचा डोळा चोपन्नवर आला. त्या सहा मिलिमीटरांतून जो मासा सुटून जायला हवा, जो अजून एकदाही अंडी न घातलेला आहे, तो कल्ल्याशी अडकून वर येतो.

"टोकाचं माप घे," ती म्हणाली. "आणि हे कुणाला बोलू नकोस. माझं मीच बोलेन."

"मी कशाला बोलू? मला फक्त लाकडातलं कळतं," सुतार म्हणाला, टोकाचं माप टिपून पट्टी तिला परत दिली आणि रंधा शोधायला वळला.

धक्क्यावरून घरी यायला दहा मिनिटं लागतात. आत्याला त्या दिवशी अर्धा तास लागला, कारण ती वाटेत दोनदा बसली. एकदा बर्फाच्या कारखान्याच्या कठड्यावर आणि एकदा उगाचच एका उलट्या करून ठेवलेल्या होडीच्या पाठीवर.

गेल्या वर्षीची ती सकाळ आठवायची नाही असं तिने ठरवलं होतं आणि वर्षभर नेमाने आठवत होती. हंगाम उघडायच्या दिवशी धक्क्यावर जाळ्यांची मापं घेतात. मच्छीमार मंडळाकडे पत्र्याची एक माप-पट्टी आहे. ती डोळ्यात घालायची; सैल बसली तर जाळं पास, अडकली तर जाळं सगळ्यांसमोर मधोमध कापायचं आणि होडीला महिनाभर विना-जाळ्याचं बसवायचं. हा नियम आत्याच्या वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी मंडळाच्या गळी उतरवला होता, आणि तो पत्राही त्यांनी घरच्या लाकडी पट्टीवरूनच कापून घेतला होता. त्यामुळे आत्याच्या हातचं जाळं कुणी मोजत नसे. "आत्याचं आहे," म्हटलं की माणूस पुढे. मोजायची ती बाकीच्यांची.

गेल्या वर्षी धाकट्या भावाचं जाळं त्याच्या बायकोने, धाकटीने, विणलं होतं. आत्याकडूनच शिकलेली, आत्याचीच पट्टी महिनाभर मागून नेलेली. आत्याने विणलेलं नाही म्हणून ते मोजलं गेलं, आणि पत्रा अडकला. मंडळाचा अध्यक्ष म्हणजे थोरला भाऊ. त्याने एका शब्दाने विचारलं नसतं तर बरं झालं असतं, पण तो न्यायाचा माणूस, त्याने सगळ्यांदेखत विचारलं, "ताई, हे तुझ्या पट्टीवर विणलंय म्हणतात. तुझ्या पट्टीवर असं माप येऊ शकतं?" आणि आत्या म्हणाली होती, "माझ्या पट्टीत खोट नाही."

चार शब्द. त्यांचा अर्थ धक्क्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळला. खोट पट्टीत नसेल तर विणणारीत. म्हणजे धाकटीने गुपचूप दुसरी, अरुंद पट्टी वापरली आणि वर आत्याचं नाव पुढे केलं. धाकटीने तोंडातून ब्र काढला नाही. थोरल्याने सुरी चालवली. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, आणि धाकटी धक्क्यावर आली की बायकांचं बोलणं बारीक होई.

आता यंदाचं. थोरल्याचं जुनं जाळं बारा वर्षांनी फाटलं होतं. नवं आत्याने विणलं होतं, तीन महिने खपून. उद्या माप-दिवस. आत्याचं जाळं म्हणून ते मोजलं जाणार नव्हतं. ती बोलली नाही तर कुणाला कधीच काही कळणार नव्हतं, आणि हेच तिला होडीच्या पाठीवरून उठू देत नव्हतं.

जाळ्याच्या माडीवर दुपारपासून सगळे जमले होते. माडी म्हणजे घराच्या वरची एक लांबलचक खोली; भिंतीपासून भिंतीपर्यंत दोर ताणलेला, त्याला नवं जाळं पडद्यासारखं टांगलेलं. वरच्या दोराला तरंगणारे बोये बांधायचे, खालच्या दोराला शिशाचे गोळे. या कामाला जितके हात असतील तितके कमीच, म्हणून वर्षभराची भांडणं बाजूला ठेवून बायकांनी बायकांना बोलावणं धाडलं होतं. थोरल्याच्या बायकोने, थोरलीने, स्वतः जाऊन धाकटीला आणलं होतं. "भाऊ बोलत नाहीत तर नाही बोलत. बोये बांधायला त्यांची तोंडं लागत नाहीत," असं म्हणून.

धाकटी अगदी कडेला, दाराजवळ बसली होती. पुतणी, जिला सगळे मोजणीवाली म्हणायचे, मधे मांडी घालून बसली होती. ती मत्स्य-खात्याच्या मोजणीवर कामाला होती. रोज सकाळी लिलावाच्या ओट्यावर फळी घेऊन बसायची, मासा फळीवर आडवा ठेवायचा, लांबी वहीत लिहायची, मासा परत टोपलीत. तिच्या बापाच्या मते हा पगारी रिकामटेकडेपणा होता.

"आत्या, उशीर!" ती ओरडली. "पट्टी झाली?"

"उद्या देतो म्हणाला." आत्याने फडकं छातीशी धरूनच ठेवलं.

"चेहरा असा काय झालाय? उन्हात बसला होतात का?" थोरलीने विचारलं. "बसा इथे. हे बघा, तुमच्या भावाने बोये मोजून दिलेत म्हणे दोनशे आणि निघालेत एकशे ब्याण्णव. अध्यक्ष झाला म्हणून मोजता येतं असं नाही."

"आठ बोये बाबांनी पाहुण्यांच्या पोरांना खेळायला दिले," मोजणीवाली म्हणाली.

"बघा! आणि हा माणूस उद्या गावाची जाळी मोजणार."

सगळ्या हसल्या. धाकटीही हसली, पण खाली बघून. आत्या बसली. सुई हातात घेतली, दोरा ओवला आणि तिच्या बोटांना पहिल्यांदाच काय करायचं ते सुचेना. तिच्यासमोर जाळ्याचे हजारो डोळे टांगलेले होते. तीन महिने ती त्यांच्याकडे कौतुकाने बघत होती. आज तिला प्रत्येक डोळा आवळलेला दिसत होता.

"काय गं," तिने पुतणीला हळूच विचारलं, "तुझी ती वही. मासे किती लांब भरतात आताशा?"

"का? तुम्हाला कधीपासून माझ्या वहीची काळजी?" पण प्रश्न विचारला म्हणून ती खुलली. "कमी होतायत. सहा-सात वर्षांपूर्वी सरासरी निघायची छत्तीस सेंटिमीटर. आता बत्तीसवर आलीय. सगळे म्हणतात पाणी गरम झालं, मोठ्या बोटी पलीकडे सगळं ओरबाडून नेतात. तेही खरंच आहे. पण मला एक कोडं सुटत नाही. मोठे मासे कमी झाले म्हणून सरासरी उतरली असती तर समजलं असतं. इथे छोटे वाढलेत. आपल्या साठच्या डोळ्यातून जे निसटायला हवेत तेच येतायत. वरिष्ठ म्हणाले, तू चुकीचं मोजतेस."

"तू नाही चुकलीस," आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

आत्याने फडकं सोडलं. पट्टी पुतणीच्या हातात ठेवली आणि तिची मासे मोजायची फळी पुढे ओढली, जिच्या कडेला पोलादी मोजपट्टी बसवलेली होती. "टेकव. आधी टोक, मग मध्य."

मोजणीवालीने टेकवलं. एकदा, दोनदा, मग पट्टी उलटी करून तिसऱ्यांदा. थोरली मान लांब करून बघत होती. दाराजवळची धाकटी बोया बांधत राहिली.

"किती वर्षं?" मोजणीवालीने विचारलं.

"एका दिवसात नाही झिजत. पण नायलॉनचा तो नवा, कडक दोरा आपण सात वर्षांपूर्वी घेतला. त्यानंतर मी अकरा होड्यांची जाळी विणलीत. हे बारावं."

थोरलीच्या सगळं लक्षात यायला अंमळ वेळ लागला, आणि आल्यावर तिने कपाळाला हात लावला. मग उठून जिन्याचं दार लोटून घेतलं. "हे बघा ताई," ती जवळ येऊन, आवाज खाली आणून म्हणाली, "घाई नको. उद्या तुमचं जाळं कोण मोजणार आहे? कुणी नाही. हा एक हंगाम जाऊ दे. तोवर नव्या पट्टीवर हळूहळू एकेकाचं विणून देऊ, जुनं झालं म्हणून बदलतोय म्हणू. अळीमिळी गुपचिळी. साठ वर्षांचं तुमचं नाव आहे धक्क्यावर. ते एका सकाळी पाण्यात घालणार?"

"आई, मासे हंगामभर थांबतील का?"

"तू गप्प बस. मासे काय, मी घरातल्या माणसांचं बोलतेय. ह्यांचं अध्यक्षपण जाईल. अकरा घरं आपल्या नावाने बोटं मोडतील. आणि ताईंकडे पुन्हा कोण सुई घेऊन येईल?"

आत्याला हे तिच्याआधी सुचलं नव्हतं असं नाही. होडीच्या पाठीवर बसून तिने नेमकं हेच, अगदी याच क्रमाने, स्वतःला सांगून पाहिलं होतं. ती एकटी बाई. लग्न झालं नाही, मूल नाही. जे होतं ते धक्क्यावरचं तिचं नाव. तरणाताठा नावाडीसुद्धा तिच्यासमोर विडी लपवायचा. थोरलीचं म्हणणं तिला पटत होतं, आणि पटतंय याचीच तिला भीती वाटत होती.

तिने दाराकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा ती धाकटीकडे नीट बघत होती. केस कानाजवळ पांढरे झाले होते.

"धाकटे," आत्या म्हणाली, "इकडे ये. तू काही म्हणणार नाहीस का?"

धाकटीने गाठ पुरी केली, दात लावून दोरा तोडला, मग उठून आली. पट्टी हातात घेतली नाही. नुसती वरून पाहिली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"जाळं कापलं त्याच दिवशी संध्याकाळी मी पट्टी परत करायला निघाले होते. डोकं भणभणत होतं. मी तर काही बदललं नव्हतं, मग कमी का भरलं? म्हणून आधी मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी लावून बघितली. तेव्हाच दिसलं."

"आणि वर्षभर मूग गिळून बसलीस?" थोरली जवळजवळ ओरडलीच. "अगं, लोक तुला चोर म्हणत होते!"

"म्हणत होते ना." धाकटीचा आवाज शांत होता, रागावलेल्या माणसाचा असतो तसा शांत. "सांगितलं असतं तर काय झालं असतं? ताई एकीकडे, मी एकीकडे. लोकांनी म्हटलं असतं, आपली चोरी झाकायला म्हातारीवर ढकलतेय. आणि खरं सांगू? मी वाट बघत होते. मला वाटलं, ताई स्वतः कधीतरी पट्टी मोजून बघतील. एकदा तरी त्यांना वाटेल, ही पोरगी खोटं बोलणार नाही, आपणच बघू. वर्ष गेलं. नाही वाटलं."

आत्याला सुरीने चिरल्यासारखं झालं. शिवीगाळ केली असती तर तिने ऐकून घेतली असती, उलट उत्तरही दिलं असतं. पण या बाईने तिच्यावर आरोप केला नव्हता. फक्त वर्षभर काय घडलं नाही ते सांगितलं होतं. आत्याचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत.

"नाही वाटलं," ती म्हणाली. "खरंय. तुझ्यावर शंका घ्यायला मला क्षण लागला नाही. लाकडावर घ्यायला वर्ष लागलं. आणि तीही सुताराने घेतली."

एवढ्यात जिन्यावर जड पावलं वाजली. थोरला वर आला. लोटलेलं दार त्याने पायानेच ढकललं, कारण दोन्ही हातांत शिशाच्या गोळ्यांची टोपली होती. "दार काय लावलंय? कट शिजतोय का काही?" मग त्याला चौघींचे चेहरे दिसले आणि त्याने टोपली अलगद खाली ठेवली.

आत्याने त्याला सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. तो ऐकताना खिशातून पत्रा काढत होता. उद्याच्या तयारीने तो त्याने सकाळपासून खिशातच ठेवला होता. नव्या जाळ्याचा एक डोळा त्याने बोटांनी ताणला आणि पत्रा घातला. अडकला. दुसरा. अडकला. तो वरून खालपर्यंत, डावीकडून उजवीकडे मोजत गेला. चाळीस डोळे तरी मोजले असतील. कुणी त्याला थांबवलं नाही.

शेवटी तो टोपलीच्या काठावरच बसला. "मी त्याचं जाळं कापलं," तो म्हणाला.

"माझ्या शब्दावर कापलंस," आत्या म्हणाली.

"मी पट्टी का नाही मागितली? इतक्या लोकांची जाळी मोजली. तुझी पट्टी मागायला मला लाज वाटली. आजोबांची पट्टी मोजायची म्हणजे…" त्याने वाक्य सोडून दिलं. मग अध्यक्ष जागा झाला. "पण ताई, अकरा होड्या. उद्या सांगितलं तर उद्याच बसवाव्या लागतील. माझी बारावी. निम्मा धक्का रिकामा राहील. लोकांनी खायचं काय महिनाभर? मी सांगू नको म्हणत नाही. मी विचारतोय, कसं सांगायचं?"

हा प्रश्न खरा होता. मोजणीवाली बोटांवर काहीतरी मोजत होती.

"ह्यांना विचारा," धाकटी म्हणाली.

"कुणाला?"

"माझ्या नवऱ्याला. गेल्या वर्षी महिनाभर त्यांना बसवलं होतं तुम्ही. ते बसले का?"

थोरला गडबडला. खरं तर त्याने कधी चौकशीच केली नव्हती.

"गळ टाकत होते. हातदोरी, मोठा गळ. सकाळी चार तास. मासे थोडे मिळायचे, पण एकेक एवढा." तिने कोपरापर्यंत हात दाखवला. "लहान मासा मोठा गळ गिळत नाही. आम्ही उपाशी राहिलो नाही. आता ते यंदाचं जाळंही विकतच्या मापाच्या पट्टीवर विणून बसलेत. पास होईल ते. बघा मोजून."

"छत्तीस!" मोजणीवाली एकदम म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. "काकांचे मासे. गेल्या वर्षी त्या महिन्यात एका होडीची सरासरी छत्तीस होती. मी वरिष्ठांना दाखवलं तर म्हणाले, चुकून लिहिलं असशील."

"वरिष्ठ बदल तुझे," तिची आई म्हणाली. मग तिने एक लांब सुस्कारा सोडला, बोयांच्या पहिल्या रांगेकडे गेली आणि दुपारभर बांधलेल्या गाठी एकेक सोडवायला लागली. "बघता काय? दोर आणि बोये तरी वाचवू. उद्या कापायचंच आहे तर नुसतं जाळं कापा. मला नाही परत बोये विकत आणायचे. आधीच आठ कमी आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्का भरला होता. ऊन नुकतंच पाण्यावर आलं होतं. होड्या एकमेकींना खेटून बांधलेल्या, प्रत्येकीच्या समोर ओट्यावर जाळ्याचा ढीग. लोक गप्पा मारत होते, कुणाच्या इंजिनचा आवाज बसलाय, कुणाला यंदा नवा भिडू मिळालाय. आत्या बर्फाच्या रिकाम्या खोक्यावर चढली तेव्हा निम्म्या लोकांना वाटलं ती हंगामाला आशीर्वाद देणार आहे.

"गेल्या वर्षी याच ठिकाणी मला विचारलं होतं," ती म्हणाली, "आणि मी म्हणाले होते की माझ्या पट्टीत खोट नाही. ते चूक होतं. खोट पट्टीत होती. धाकटीने माझ्याच पट्टीवर प्रामाणिकपणे विणलं होतं. तिने काही बदललं नव्हतं. मी तिला तुमच्यासमोर खोटी पाडली, म्हणून तुमच्यासमोरच सांगतेय. गेल्या सात वर्षांत मी ज्या अकरा जणांना जाळी दिली, त्यांची सगळी कमी मापाची आहेत. मोजून घ्या. दोष माझा."

मग तिने अकरा होड्यांची नावं घेतली. चिठ्ठी नव्हती, सगळी तोंडपाठ होती.

गलका झाला. व्हायचाच. कुणीतरी म्हणालं, म्हातारीला आता दिसत नाही. कुणीतरी म्हणालं, आधी अध्यक्षाचं जाळं बघा. थोरला पुढे आला. स्वतःचं नवं जाळं त्याने ओट्यावर पसरलं, पत्रा सगळ्यांना दिसेल असा डोळ्यात अडकवून दाखवला आणि कमरेची सुरी काढली. पण नायलॉनचं जाळं सैल पडलेलं असलं की सुरी त्यावरून नुसती घसरते. त्याने दोनदा ओढली, दोनदा घसरली. लोक बघत होते.

धाकटा भाऊ आपल्या होडीतून उतरला. सावकाश आला. जाळ्याची दुसरी बाजू त्याने मनगटाला गुंडाळली आणि मागे रेलून ताणून धरली.

"खालून घे," तो म्हणाला. "वरून नाही कापत ते. मला माहितीय."

वर्षभरातले ते पहिले शब्द होते. थोरल्याने खालून घेतलं. जाळं एका दमात फाटत गेलं, तीन महिने, हजारो गाठी, आणि आत्याने तोंड फिरवलं नाही. ती शेवटच्या दोऱ्यापर्यंत बघत राहिली. त्यानंतर धाकट्याने अकरा जणांना आपले गळ दाखवले, हातदोरी कशी सोडायची ते सांगायला लागला, आणि गलक्याचं हळूहळू बोलणं झालं. पाच-सहा जण अजून फुरंगटलेले होते, पण जाळी मोजायला आडवं कुणी आलं नाही.

तेव्हा सगळ्यात जुना नावाडी, ज्याचं जाळं अकरातलं नववं होतं, आत्यासमोर येऊन उभा राहिला. वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ते सगळं ठीक, आत्या. पण आता आमची जाळी विणायची कुणी?"

रात्रभर तिने याच प्रश्नाची तयारी केली होती. विणणं सोडते असं म्हणायचं ठरवलं होतं. वाक्य ओठांवर आलंही होतं.

"ताईच विणतील," मागून धाकटी म्हणाली. ती गर्दीतून पुढे येत होती आणि बायका तिला वाट करून देत होत्या. "या धक्क्यावर दुसऱ्या कुणाला येतं तसं? फक्त पट्टी दर सोमवारी मी मोजणार. कुणाचीही असो, आधी त्यांची." मग ती आत्याकडे वळली. "चालेल ना?"

साठ वर्षांत ती पट्टी उघडपणे मोजायची कुणाची छाती झाली नव्हती. आत्या खोक्यावरून खाली उतरायला लागली, आणि उतरताना आधाराला तिने धाकटीचाच खांदा धरला.

"सोमवारी कशाला," ती म्हणाली, "आजच ये. आणि चुकले तर तोंडावर सांग. वर्षभर थांबू नकोस."